आळीचे दोन तट

गर्भपाताच्या कायद्यावरून आमच्या आळीत दोन तट पडले आहेत. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने २० ते २४ आठवड्यांची मुभा अविवाहितेलाही दिली, तेव्हापासून सनातनी मंडळींचा गळा दाटून येतो. म्हणे नीती बुडाली!

अहो, १८६० च्या दंडसंहितेत गर्भपात हा गुन्हाच होता. मग १८६३ साली जोतीराव-सावित्रीबाईंना पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह का काढावे लागले? तेव्हा नीती कुठल्या विहिरीत पडली होती? आणि सुनेच्या पोटी मुलगी नको म्हणून आडून चौकशी करणारे कोण? त्याला तर १९९४ चा कायदा बंदी करतो!

सुधारकांनीही टाळ्या पिटू नयेत. १९७१ च्या कायद्याप्रमाणे सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही. तरी ती सर्रास मागितली जाते आणि तुम्ही मुकाट्याने करता. शिवाय आजही शेवटचा शब्द तिचा नाही, डॉक्टरांच्या मताचा आहे.

परवाच्या बैठकीत दोन्ही तट तावातावाने भांडले. बाई आत आली ती फक्त चहा घेऊन. मंडळी, यंदाच्या फराळाला आधी तिला बसवा. आणि मग आपण ऐका.