उपवासाचे ताट आणि देहाचे माप

आज देवशयनी एकादशी. आळंदीहून आणि देहूहून निघालेल्या पालख्या काल वाखरीचा तळ सोडून पंढरीत आल्या. सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट अठरा-वीस दिवसांत तुडवून आलेले वारकरी चंद्रभागेच्या वाळवंटात उभे आहेत. साठी-सत्तरी उलटलेले कित्येक शेतकरी त्यांत आहेत; पाठीला लागलेले पोट, काटक पिंढऱ्या, आणि एवढी चाल होऊनही टाळ धरताना न थकणारा हात. त्यांना पाहिले म्हणजे आम्हांस आमचीच लाज वाटू लागते. त्याचे कारण सांगितल्यावाचून आजच्या या मंगल दिवशी जे लिहावयाचे आहे ते लिहिता येणार नाही.

तीन वर्षांपूर्वी चातुर्मासातच एका गावी कीर्तनास उभे असता पूर्वरंग संपण्याआधीच आम्हांस धाप लागली. पदाची ओळ अर्ध्यावर राहिली. पेटीवाल्याने प्रसंग सांभाळून घेतला आणि श्रोत्यांना तो भावावेग वाटला. समोरच्या एका आजीबाईंनी तर पदराने डोळे टिपले. आम्हांस मात्र ठाऊक होते की तो भाव नव्हे, मेद होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी काट्यावर उभे केले. वजन 91 किलो, कंबर 108 सेंटिमीटर. आपल्याकडील पुरुषाची कंबर 90 च्या व स्त्रीची 80 च्या आत असावी, असे त्यांनी सांगितले. रक्तातील साखरही मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. आम्ही म्हणालो, "डॉक्टरसाहेब, आम्ही तर महिन्यातून दोन एकादश्या, एक चतुर्थी आणि चार सोमवार करतो!" ते शांतपणे उत्तरले, "बुवा, त्या दिवशी काय खाता, तेवढे लिहून आणा."

लिहून नेले. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर व दाण्याची आमटी, सोबत बटाट्याचा तळलेला कीस, चार वाजता दूध, केळी व राजगिऱ्याचे दोन लाडू, रात्री पुन्हा थोडी खिचडी. हिशेब मांडला. एका ताटलीत साठ ग्रॅम साबुदाणा, पंचवीस ग्रॅम दाण्याचे कूट, चहाचे तीन चमचे तूप आणि अर्धा बटाटा धरला, तर पाचशेहून अधिक उष्मांक होतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिन नावापुरते. एवढे उष्मांक खर्च करण्यास आमच्या देहाच्या माणसाने दोन तास झपझप चालले पाहिजे. दिवसभराची बेरीज भाजी-भाकरीच्या नेहमीच्या दिवसाहून तीनशेने अधिक भरली. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण आम्ही आयुष्यभर कीर्तनात सांगून लोकांना हसविले होते.

यात शास्त्राचा दोष किती, याचा आम्ही शोध घेतला. 'उपवास' या शब्दात 'उप' म्हणजे जवळ आणि 'वास' म्हणजे राहणे. खाण्याचा उल्लेखच नाही. निबंधकारांनी निराहार, फलाहार, एकभुक्त, नक्त असे शक्तीनुसार पर्याय दिले. तळणाचा पर्याय कोणी दिल्याचे आमच्या वाचनात नाही. साबुदाणा तर त्यांनी पाहिलाही नसावा. ज्या कंदापासून तो करतात ते झाड दक्षिण अमेरिकेतले. बटाटा, शेंगदाणा आणि हिरवी मिरची याही तिकडच्याच, गेल्या पाचशे वर्षांत इकडे आलेल्या. आज तमिळनाडूतील सेलमच्या कारखान्यांतून साबुदाण्याची पोती येतात. ज्वारीची भाकरी उपवासाला चालत नाही आणि हा परदेशी पाहुणा चालतो, हे रूढीने ठरविले, धर्मशास्त्राने नव्हे.

उलट, चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय आहे. त्यात अतिस्थूल व अतिकृश या दोन्ही देहांचा विचार आहे आणि स्थूलाची दशा अधिक कठीण मानली आहे. गोड, स्निग्ध व जड अन्न, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप ही कारणे आचार्य सांगतात. बीजस्वभावही सांगतात, म्हणजे स्थूलपणा कुळातूनही येतो हे त्यांना ठाऊक होते. (तेव्हा स्थूल माणसास पंक्तीत हसणाऱ्यांनी जरा थांबावे.) पथ्यात ते जव, मूग, कुळीथ, ताक देतात, आणि श्यामाकही देतात. श्यामाक म्हणजे सावा, आपल्या भगरीचा सख्खा भाऊ! म्हणजे उपवासाच्या डब्यात पथ्याचा पदार्थ होताच. आम्ही त्यावर दाण्याची आमटी ओतून त्याला बुडविला.

आम्ही एकादशी सोडली नाही. खिचडी सोडली. आता त्या दिवशी एकदाच वाटीभर भगर, बिनसाखरेचे ताक, पेरू किंवा पपई, आणि रात्री कपभर दूध. इतर दिवशी दोन भाकऱ्यांची एक केली आणि ताटातील भात व उसळ यांच्या जागांची अदलाबदल केली. उसळ, वरण, ताक कमी करू नये, कारण म्हातारपणी वजनाबरोबर स्नायूही झडतात, असे डॉक्टरांनी बजावले होते. पोटाचा अर्धा भाग अन्नाने भरावा, पाव पाण्याने, आणि उरलेला पाव वायूसाठी मोकळा ठेवावा, हे वाग्भटाचे माप आम्ही विद्यार्थ्यांना चाळीस वर्षे शिकविले होते. पाळावयास या वयात लागलो.

खरी परीक्षा यजमानांच्या घरी. कीर्तन रात्री अकराला संपते आणि मग माउली पुरणपोळी घेऊन उभ्या राहतात. "बुवा, एवढी घ्याच, नाही तर आम्हांला लागेल." नाही म्हणणे म्हणजे अन्नाचा अपमान, असे वाटे. आता आम्ही संध्याकाळीच थोडे खातो आणि प्रसाद म्हणून पोळीचा एक तुकडा घेतो. प्रसादाचे वजन कोठे सांगितलेले नाही. पहिल्या वर्षी दोन घरची आमंत्रणे तुटली, हेही सांगून टाकतो. आणि ज्या गृहिणी उपवासाच्या दिवशी घरातल्या पाच माणसांसाठी तीन प्रकार करून, उरलेले वाया जाऊ नये म्हणून शेवटी स्वतः संपवितात, त्यांच्या कमरेचे माप कोणी घेत नाही.

चालण्याचे म्हणावे तर पहाटे प्रदक्षिणामार्गाने पाऊण तास. आठवड्यात किमान दीडशे मिनिटे असे चालणे जागतिक आरोग्य संघटनेने सुचविले आहे. किती वेगाने? बोलता यावे पण गाता येऊ नये, असे डॉक्टर म्हणतात. आमच्यासारख्यास याहून सोपे मोजमाप कोणते! चालता चालता अभंग सुखाने म्हणता आला, की आम्ही पाऊल उचलतो. सुश्रुताने अर्ध्या शक्तीचा व्यायाम सांगितला तोही याच धर्तीचा: श्वास तोंडाशी येऊ लागला की थांबावे. गुडघ्यांमुळे सूर्यनमस्कार सहाच, तेही सावकाश.

फळ मिळते, पण मंद गतीने. एक किलो मेद म्हणजे सुमारे 7,700 उष्मांक. रोज अडीचशेची बचत केली तर महिन्यास एक किलो. आमचे पहिले चार महिने तसे गेले, पुढे काटा रेंगाळला. सोळा महिन्यांत अकरा किलो उतरले. दिवाळीत दोन परत आले, ते माघापर्यंत पुन्हा गेले.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींवर असल्याचे दिसले. आजच्या एकादशीस त्यांतले किती घरोघरी उपाशी असतील! आमचे एक मृदंगवादक स्नेही असेच. कार्तिकीला पहाटे नेहमीप्रमाणे इन्सुलिन टोचून घेतले आणि वर निर्जळी धरली. दुपारी मठाच्या दारात घामाने निथळत कोसळले. शुद्ध पुरती हरपली नव्हती. कोणीतरी खिशातली खडीसाखर तोंडात घातली म्हणून वाचले. याउलट, 'आज उपास' म्हणून गोळी चुकविणारे आणि वर खिचडी खाणारेही आहेत. दोघांनाही आम्ही शास्त्रच सांगतो: व्रत न मोडणाऱ्या ज्या आठ गोष्टी परंपरेने गणल्या, त्यांत पाणी, मूळ, फळ, दूध यांच्या बरोबरीने औषधही आहे. शिवाय एकादशीचे बंधन आठ वर्षांखालील व ऐंशीवरील माणसावर नाही. ज्यांना गोळ्या वा इन्सुलिन चालू आहे त्यांनी उपवासाआधी डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवून घ्यावी. न विचारता निर्जळी धरू नये.

आमचे ते स्नेही आज सकाळी भेटले. न्याहारीला वाटीभर भगर, गोळी वेळेवर, आणि खिशात खडीसाखरेची पुडी. रात्री आमच्या कीर्तनात मृदंगावर तेच आहेत.