बॉनेटवर नागपूर दिसू द्या

नागपुरात संगणकावर कोरलड्रॉ शिकलेल्या पोरांचं काम बघायला घेतलं, की चार पानं उलटेपर्यंत गाडी येतेच. बहुधा लाल लॅम्बोर्गिनी, नाहीतर पिवळी फेरारी. हेडलाइटच्या काचा, अलॉय व्हीलचे नट, टायरवरची नक्षी, सगळं जागच्या जागी. मेहनत खरी असते, हातही तयार असतो. पण गाडी ज्या उजेडात उभी आहे तो उजेड इथला नसतो. बॉनेटवरचा लांबट, मऊ पांढरा पट्टा असतो परदेशातल्या एखाद्या स्टुडिओच्या छताला टांगलेल्या दिव्यांचा. दारावर खाली तपकिरी आणि वर निळं असतं, ते कुठल्याशा वाळवंटाचं आणि त्यावरच्या आभाळाचं. काढणारा मात्र राहतो मानेवाड्याला.

माझं म्हणणं असं, की गाडी खरी दिसावी असं वाटत असेल तर आधी तिच्यात पडलेलं गाव काढता आलं पाहिजे.

हे भावनेचं नाही, पत्र्याचं गणित आहे. गाडीच्या रंगावर पारदर्शक क्लिअर कोटचा थर असतो आणि तो आरशाचं काम करतो. त्यातही एक नियम आहे. पृष्ठभागाकडे समोरून बघितलं तर त्याचा स्वतःचा रंग जास्त दिसतो, तिरकं बघितलं तर प्रतिबिंब. म्हणून आपल्याकडे तोंड केलेलं दार लाल दिसतं आणि त्याच गाडीचं पलीकडे पसरत गेलेलं बॉनेट जवळजवळ आभाळाच्या रंगाचं. दारावर जी आडवी घडी असते तिच्या वरचा भाग आभाळाकडे बघतो, खालचा रस्त्याकडे. लाल गाडीत नुसता लाल रंग असलेली जागा शोधायला गेलं तर फार थोडी सापडते. नवशिक्या आधी सगळी गाडी लाल भरतो आणि मग वरून पांढऱ्या चमका ठेवतो. तिथेच ती खेळण्यातली होते.

गाडी बनवणारेही प्रतिबिंबावरच भरवसा ठेवतात. नव्या गाडीचा आकार संगणकावर तयार झाला की त्यावर झेब्र्यासारखे काळे-पांढरे पट्टे पाडून बघतात. पट्टा कुठे तुटला, कुठे अडखळला, तर पृष्ठभागात खोट आहे. कारखान्यातही रंगवलेली गाडी ट्यूबलाइटच्या रांगांखाली उभी करून त्या रांगा पत्र्यावर सरळ वाहतात का ते तपासतात.

ज्या पेन टूलने ही पोरं रेषा ओढतात, त्याचं मूळही मोटारीच्या कारखान्यातच आहे. पॉल द कास्तेल्जो हे गणितज्ञ सित्रोएन कंपनीत होते. त्यांनी १९५९ च्या सुमारास वक्ररेषा मोजक्या बिंदूंनी बांधण्याची रीत काढली, पण कंपनीने ती गुपित ठेवली. रेनो कंपनीतल्या पिएर बेझिए या अभियंत्याने १९६० च्या दशकात स्वतंत्रपणे तेच साधलं आणि प्रसिद्धही केलं, म्हणून या वक्ररेषेला नाव त्यांचं राहिलं. अडचण अगदी व्यवहारातली होती. कलाकार मातीत आकार घडवी, आरेखक तो कागदावर उतरवी, साचा करणारा त्यावरून लोखंड कापी आणि तिघांच्या हातून तीन वेगळ्या गाड्या निघत. वळण आकड्यांत बांधलं की वाद मिटला. पुढे १९८४ च्या पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या संगणकभाषेने हीच वळणं छपाईत आणली, १९८७ मध्ये इलस्ट्रेटर आलं, १९८९ मध्ये कोरलड्रॉ. सीताबर्डीवरच्या डीटीपीवाल्याच्या माउसखाली आज जी रेषा वळते, ती मूळची गाडीच्या पत्र्यासाठी बांधलेली आहे.

म्हणूनच बिंदू, म्हणजे नोड, जितके कमी तितकी रेषा गाडीची वाटते. छतापासून डिकीपर्यंतचं वळण तीन-चार नोडमध्ये बसत असताना वीस टाकले तर पत्र्याला पोचे आलेले दिसतात. हे कळायला कलाशिक्षक लागत नाही. गाड्यांचे रेडियम स्टिकर कापणाऱ्या दुकानात जावं. फोटो ऑटोट्रेस करून आणलेली फाइल कटिंग प्लॉटरला दिली की पातं जागोजागी थांबत, धक्के खात चालतं आणि स्टिकरच्या कडेला दाते पडतात. रेडियमवाला वैतागून आधी नोड पुसायला बसतो.

चाकाचंही तसंच. शासकीय रेखाकला परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाने भूमितीच्या पेपरसाठी कधीतरी लंबवर्तुळ गिरवलेलं असतं. कोनातून दिसणारं चाक हे तेच लंबवर्तुळ. फक्त त्याचा लहान अक्ष चाकाच्या अ‍ॅक्सलच्या रेषेत यायला हवा. तेवढं चुकलं की गाडी पंक्चर झाल्यासारखी वाटते, मग रंगछटांची जाळी, म्हणजे मेश, कितीही बारीक भरा.

एवढी शिस्त शिकूनही उजेड उसना राहतो, कारण तो तयार मिळतो. फोटोशॉपमध्ये ‘क्रोम’ नावाचा ग्रेडियंट आहे: निळ्यातून पांढरा, मध्ये कडक क्षितिज, खाली तपकिरी. वाळवंट आणि आभाळ अशी क्रोम रंगवण्याची ही अमेरिकी एअरब्रश चित्रकारांची रीत. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर भाऊंच्या नावाची अक्षरं चकाकतात, त्यांतही हेच वाळवंट असतं. आपल्या मे महिन्याच्या आभाळात ते निळं असतं कुठे? पारा ४५ च्या वर गेला की आभाळ पांढुरकं, धुळीने मळलेलं होतं. २६ मेच्या आसपास तर भर दुपारी सूर्य नागपूरच्या नेमका डोक्यावर येतो. गाडीची सावली तिच्या पोटाखाली गोळा होते, बाजूला सांडतच नाही. ज्याने सावली तिरकी ओढली त्याने दुसऱ्या शहराची दुपार काढली.

आणि प्रतिबिंबाला आपल्याकडे काय कमी आहे? वर्धा रोडवर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्यावर मेट्रो. ३.१४ किलोमीटरच्या या दुमजली पुलाची नोंद गिनेसमध्ये झाली आहे. त्याखाली उभ्या गाडीच्या बॉनेटवर आभाळ येत नाही, काँक्रीटचा करडा पट्टा येतो आणि दोन्ही कडांनी उजेडाच्या चिंध्या. उन्हाळ्यात सिग्नलवर हिरवी नेट बांधतात, तिच्याखाली थांबलेली पांढरी गाडी चक्क हिरवट दिसते. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात सिव्हिल लाइन्समध्ये पांढऱ्या गाड्यांची रांग लागते, त्यांच्या छतांवर झाडांच्या फांद्या उमटतात. पांढरी गाडी काढणं सगळ्यांत कठीण, कारण तिच्याजवळ जे काही आहे ते आजूबाजूचंच. धूळही विसरू नका. धूळ बसली की प्रतिबिंब विरतं. समोरच्या काचेवर वायपरने पुसलेली कमान तेवढी चकाकते आणि बाहेरचा भाग मातकट राहतो. ही एक कमान नीट जमली तर गाडी आपल्या रस्त्यावर येते.

यावर दोन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला, गिऱ्हाइकाला धूळ नको, शोरूमची चकाकी हवी. खरं आहे. पण तशी चकाकी आता चित्र बनवणारं यंत्र मिनिटभरात देतं आणि त्यासाठी दोन दिवस बसलेल्या पोराला कोणी पैसे देणार नाही. गाडी धुऊन काढा हवी तर. पण धुतलेल्या गाडीत तर परिसर आणखीच स्वच्छ दिसतो. गिऱ्हाइकाच्या दुकानाची पाटी त्याच्या नव्या टेम्पोच्या दारावर उलटी उमटलेली दाखवा आणि मग दर सांगा.

दुसरा आक्षेप, फोटो खाली ठेवून त्यावरून काढणं ही चोरी. मला तसं वाटत नाही. खालच्या लेयरमध्ये फोटो लॉक करून त्यावर पेन चालवणं हा शिकण्याचा रास्त मार्ग आहे. प्रश्न फोटो कुणाचा हा आहे. दुसऱ्याचा असेल तर कोन, उजेड, लेन्स हे सगळे निर्णय त्याने घेतलेले असतात आणि आपण फक्त बोटं चालवतो. तेव्हा निदान त्याचं नाव तरी द्यावं. त्यापेक्षा मोबाइल घेऊन पार्किंगमध्ये जावं. मात्र गाडीला चिकटून फोटो काढू नये, जवळचं चाक फुगून बसतं. दहा-बारा पावलं मागे सरून झूम करावं. फोटो घेतल्यावर पाच मिनिटं तिथेच थांबून दारावर काय काय दिसतंय ते वहीत लिहावं: विजेचा खांब, पानठेला, समोरच्या घराचा कूलर. स्क्रीनवर जो डाग कळत नाही, त्याचं नाव वहीत सापडतं.

रेखाकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेतल्या स्थिरचित्रात समोरची वस्तू बघून काढायची ही सवय आपण पोरांना लावतो आणि संगणकासमोर बसवताच ती मोडतो. क्लासवाल्यांनी आधी नव्या स्टीलचा गडवा व्हेक्टरमध्ये काढून घ्यावा. त्याच्या पोटात खिडकी, पंखा आणि काढणारा स्वतः, सगळे वाकडे होऊन बसलेले असतात. ते जमलं की गाडी द्यावी, तीही गल्लीत उभी असलेली. आणि गुण देताना निम्मे गाडीला, निम्मे तिच्यात दिसणाऱ्या गल्लीला द्यावेत. लॅम्बोर्गिनीवाल्यांचे निम्मे गुण पहिल्याच दिवशी जातील. जाऊ देत, पुढच्या आठवड्यात ती पोरं आपोआप पार्किंगमध्ये दिसतील.