शेजारधर्म हेच खरे कुलूप

पहाटे फिरावयास निघालेल्या गृहस्थास सोसायटीच्या आवारातील मोटारीची काच फुटलेली दिसते. मागील आसनावरील बॅग नाहीशी झालेली असते. बाजूच्या स्कूटरची डिकी उचकटलेली आणि तिसऱ्या गाडीचे पेट्रोल नळी लावून काढलेले. काच फुटल्याचा आवाज रात्री दोन-तीन घरांत ऐकू गेलेला असतो. पण 'गाडी आपली नव्हे' असे म्हणत प्रत्येकाने कूस बदललेली असते. चोराचे खरे बळ या कूस बदलण्यात आहे.

पुण्याचे वाडे आणि गिरगावातील चाळी श्रीमंत नव्हत्या, पण जाग्या होत्या. चौकात अनोळखी पाऊल पडताच 'कोण पाहिजे?' हा प्रश्न येई. त्यात संशयापेक्षा आपलेपणा अधिक असे. आज वाड्यांच्या जागी सदनिका उभ्या राहिल्या. दारावर कुलपे वाढली आणि समोरच्या घरातील माणसाचे नाव विचारणे मात्र राहून गेले. सीसीटीव्ही अवश्य बसवावा; पण कॅमेरा चोरी टिपतो, हाक मारीत नाही.

नगररक्षणाचा विचार या देशास नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या व्यवस्थेसाठी 'गोप' नेमलेला आहे. दहा, वीस किंवा चाळीस कुळांची माहिती ठेवणे हे त्याचे काम. परिचय हाच सुरक्षेचा पाया, हे त्यामागील सूत्र आजही लागू पडते. दहा-वीस घरांचा एक गट, परस्परांचे दूरध्वनी क्रमांक, परगावी जाताना शेजाऱ्यास दिलेली कल्पना, वाहनतळावर पुरेसा उजेड, गाडीत दर्शनी जागी बॅग न ठेवण्याची सवय, एवढ्याने बरेच साधते. रात्रीच्या रखवालदारास रास्त वेतन आणि मानाची वागणूक मिळाली, तर तोही आवारास आपले घर मानील.

दुसरा दोष मौनाचा. 'एवढ्याशा चोरीची तक्रार काय करायची?' म्हणून ती नोंदलीच जात नाही आणि त्या भागाकडे पोलिसांचे लक्ष वेधण्याचे कारणही उरत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते. तीन दिवसांत तिच्यावर स्वाक्षरी करावी लागते. तातडीच्या प्रसंगी 112 हा क्रमांक आहेच.

मात्र जागरूकतेस शिस्तीची जोड हवी. चोरी होताच घरकाम करणाऱ्या बाईकडे किंवा फेरीवाल्याकडे पुराव्याविना बोट दाखविणे हा अन्याय आहे. 16 एप्रिल 2020 रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे चोरांच्या अफवेने पिसाळलेल्या जमावाने दोन साधू आणि त्यांच्या वाहनचालकाची हत्या केली. ती जखम समाजाने विसरता कामा नये. डोळ्यांदेखत दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्यास पकडण्याचा अधिकार कायद्याने नागरिकास दिला आहे, पण त्यास सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे बंधनही घातले आहे. पकडलेल्यावर हात उचलण्याचा अधिकार कोणासही नाही.

संघटित समाज आणि जमाव यांतील अंतर हेच आहे. संघटित समाज जागा असतो, एकमेकांना ओळखतो आणि संयम सोडीत नाही. त्याचा आरंभ समोरच्या दाराची घंटा वाजवून शेजाऱ्याचे नाव विचारण्यापासून होऊ शकतो.