ठराव मंजूर, कलावंत मोकळा!

दिवाळीचा फराळ संपतो, भाताची मळणी आटोपते आणि आपल्या सीमाभागात साहित्य संमेलनांचा हंगाम सुरू होतो. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, सांबरा, कुद्रेमानी, अशी गावामागून गावे मांडव घालतात. ग्रंथदिंडी निघते, लेझीम घुमते, दुपारी पंगत बसते. शेतकऱ्याने पदरमोड करून मांडव घालावा आणि मांडी घालून कविता ऐकावी, हे भाग्य पुण्या-मुंबईच्या साहित्यिकांनाही दुर्मीळ! याचा मला सार्थ अभिमान आहे. तेव्हा पुढे जे लिहिणार आहे ते घरातल्याने घरात बोललेले कडू बोल समजावेत, ही वाचकांना विनंती.

माझा राग आहे तो संमेलनाच्या शेवटच्या कार्यक्रमावर. अध्यक्षीय भाषण झाले, कथाकथन झाले, कविसंमेलन रंगले की ठराव वाचले जातात. सीमाभाग महाराष्ट्रात सामील झाला पाहिजे, हा पहिला. मराठी शाळा टिकल्या पाहिजेत, हा दुसरा. सरकारी कागदपत्रे मराठीतून मिळाली पाहिजेत, हा तिसरा. तिन्ही ठराव न्याय्य आहेत. त्यांतल्या एका अक्षराशीही माझे भांडण नाही. भांडण आहे ते त्यानंतर जे होते त्याच्याशी. हात वर होतात, टाळ्या पडतात आणि आपल्या भागातला कवी, नाटककार, चित्रकार समाजाचे देणे फेडल्याच्या समाधानात घरी जातो. मग वर्षभर त्याला दुसऱ्या कोणत्याही प्रश्नाकडे पाहण्याची गरज उरत नाही. सीमाप्रश्न हा एके काळी आपल्या कलावंताचा ध्यास होता. आज तो त्याचा आडोसा झाला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ठरावाला एके काळी धार होती, हे मान्यच केले पाहिजे. १९४६ साली बेळगावच्याच साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. पण त्या ठरावाला पुढे बळ कोठून आले? अमरशेख, गवाणकर आणि अण्णा भाऊ साठे या शाहिरांनी तो विषय डफावर घेतला आणि गिरणगावच्या चाळीचाळींत नेला म्हणून आले. अण्णा भाऊंची 'माझी मैना' ही छक्कड आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही? पोटासाठी मुंबईला गेलेला कामगार आणि गावी राहिलेली त्याची बायको यांची ताटातूट, आणि महाराष्ट्रापासून तुटलेला हा आपला मुलूख, अशी दोन्ही दुःखे त्यांनी एकाच गाण्यात बांधली. भाषा आणि भूक यांना त्यांनी वेगवेगळ्या पंगतींत बसवले नाही. त्यांचे वारस म्हणवणाऱ्यांनी मात्र सोयीची वाटणी केली. मुलूख तेवढा घेतला आणि कामगार सोडून दिला.

निपाणीचेच पाहा. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने तंबाखूच्या भावासाठी पुणे-बंगलोर महामार्गावर ठिय्या दिला. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि बारा शेतकरी मारले गेले. त्याच काळात त्याच गावात, वखारींत तंबाखू कुटणाऱ्या आणि चाळणाऱ्या बाया प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने संघटित होत होत्या. वखारीतला खकाणा ज्याच्या नाकातोंडात एकदा गेला आहे, त्याला त्या कामाचे वर्णन सांगायला नको. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईची तऱ्हा तीच. मजुरी हजार विड्यांवर, आणि त्यातूनही 'छाट' म्हणून काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत.

या बायांना कोणत्या कलावंताने पाहिले? पुण्याहून अनिल अवचट आले आणि त्यांच्याविषयी लिहून गेले. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांच्या 'युगांतर' या गटाने १९८२ साली त्यांच्यावर जेमतेम अर्ध्या तासाचा चित्रपट केला. त्याचे नाव 'तंबाकू चाकिला ऊब आली'. नावच वखारीतले आहे! ही मंडळी कॅमेरा खांद्यावर टाकून आली आणि चार फोटो काढून गेली, असे झाले नाही. काही महिने ती बायांमध्ये राहिली. काय दाखवायचे आणि काय सांगायचे हे त्या बायांशी बोलून ठरले. एरवी ज्या वखारींच्या दारातून परक्याला आत डोकावताही येत नसे, तिथले काम पडद्यावर आले. बाया आपल्या तोंडाने, आपल्या बोलीत बोलल्या.

आज हा चित्रपट बर्लिनच्या 'आर्सेनाल' या संस्थेने जतन केला आहे आणि देशोदेशीचे अभ्यासक तो पाहतात. आता मला सांगा, निपाणी-चिकोडी भागात किती घरांनी त्याचे नाव ऐकले आहे? ज्यांच्या आज्या-पणज्या त्यात दिसतात त्या नातवंडांनी तो पाहिला आहे काय? बर्लिनला निपाणीची वखार ठाऊक आणि बेळगावच्या कलारसिकाला ठाऊक नाही, ही स्थिती अभिमानाची खचित नाही.

निपाणीत राहून हे सारे लिहिणारा एक माणूस होता, हे मी विसरलेलो नाही. महादेव मोरे. त्यांनी टॅक्सी चालवली, पुढे पिठाची गिरणी चालवली आणि दळण दळता दळता लिहिले. ड्रायव्हर, गॅरेजमधली पोरे, तंबाखूच्या बाया, देवदासी ही त्यांची माणसे. 'एकोणिसावी जात' हे नाव सुचायला त्या जगातच राहावे लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये ते गेले, तेव्हा 'उपेक्षितांचा लेखक' म्हणून आदरांजली वाहिली गेली. उपेक्षितांचा लेखक स्वतः किती काळ उपेक्षित राहिला, आणि त्या उपेक्षेत आपल्या व्यासपीठांचा वाटा किती, याचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

मागे एका संमेलनात 'समकालीन कलावंत आणि सामाजिक बांधिलकी' या विषयावर परिसंवाद होता. मी श्रोत्यांत बसलो होतो. वक्ते विद्वान होते. ब्रेख्त झाला, सार्त्र झाला, पिकासोच्या 'गेर्निका'वर तर दहा मिनिटे गेली. मांडवापासून हाकेच्या अंतरावर शेतजमिनीचा वाद पेटलेला होता, त्याचा उल्लेख कोणी केला नाही. अहो, गेर्निका हे एका गावाचे नाव आहे! १९३७ साली त्या गावावर बाँब पडले आणि चित्रकाराने चित्राला त्या गावाचेच नाव दिले. आपल्या वक्त्यांना स्पेनमधले गाव पाठ, आणि शिवारातला नाला आठवत नाही!

आता नेहमीचे आक्षेप येतील. त्यांतला पहिला असा: 'आधी सीमाप्रश्न सुटू द्या, मग बाकीचे पाहू.' हा प्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. दावा प्रलंबित राहू शकतो. माणसाचे जगणे प्रलंबित ठेवता येत नाही. आणि हे प्रश्न वेगळे आहेत असे सांगितले कोणी? हलगा-मच्छे बायपाससाठी सुपीक जमीन जाऊ नये म्हणून शेतकरी रस्त्यावर उतरले, कोर्टात गेले. त्या शेतकऱ्याच्या हाती भूसंपादनाची नोटीस पडते ती कन्नडमध्ये. ती वाचून घ्यायला तो शेजारच्या पोराला हाक मारतो. आपली जमीन किती जाणार हे त्याला दुसऱ्याच्या तोंडून कळते. भाषेचा प्रश्न आणि जमिनीचा प्रश्न त्या एका कागदावर एकत्र आलेले असतात. यावर एक एकांकिका झाली, तर शंभर ठरावांचे काम ती करील. पण आपल्या रंगभूमीला त्या नोटिशीपेक्षा दुकानाची पाटी अधिक नाट्यमय वाटते.

दुसरा आक्षेप अधिक सुसंस्कृत: 'कला म्हणजे प्रचार नव्हे.' अगदी कबूल! 'झाडे लावा, झाडे जगवा' छापाच्या कविता आणि पर्यावरणदिनाच्या चित्रकला स्पर्धा यांचा मलाही तुमच्याइतकाच कंटाळा आहे. प्रचार टाळायचा उपाय एकच, तो म्हणजे विषयाची आतून माहिती असणे. चंद्रपूर हाही सीमेवरचाच जिल्हा. तिथल्या सास्ती गावचा प्रभाकर पाचपुते हा चित्रकार कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या घरातून आला. त्याने खाण आणि खाणकामगार चितारले, तेही कोळशानेच. शेतावर खाण आली की माणसाचे काय होते, हे त्याच्या चित्रांत घोषणेवाचून कळते. २०२१ साली वेल्समधले 'आर्टेस मुंडी' पारितोषिक त्याला इतर कलावंतांबरोबर विभागून मिळाले. त्याला कोणी प्रचारक म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आपल्याकडे हात नाहीत असे थोडेच आहे? के. बी. कुलकर्णींसारखा गुरू याच बेळगावात झाला. रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली तयार झाले. चित्रकलेची एवढी मोठी पुण्याई पाठीशी असताना आजची बहुतेक प्रदर्शने पाहावीत, तर किल्ला, कौलारू घर, धुके आणि हिरवेगार भातशेत! बळ्ळारी नाल्याच्या पुराखाली कुजलेले पीक त्या चौकटीत येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर चढले, वाहतूक ठप्प झाली, नदीकाठच्या घरांच्या भिंती विरघळल्या. त्या पुराचे चित्र मला वर्तमानपत्रांतल्या छायाचित्रांत दिसले, कलादालनात दिसले नाही. निसर्गचित्र काढणाऱ्याने निसर्गाचे चाललेले हाल न पाहण्याची शपथ घेतली आहे काय?

तीच गोष्ट म्हादईची. खानापूर तालुक्यात कणकुंबीच्या रानात कळसा कालव्याचे काम झाले. २०१८ च्या ऑगस्टमध्ये लवादाने कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी पाणी दिले, आणि तंटा त्यानंतरही मिटलेला नाही. गोवा नदीसाठी हळहळतो, हुबळी-धारवाडकडची माणसे पिण्याच्या पाण्यासाठी हाक देतात. दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे आहे. मधल्या रानात मराठी बोलणारी माणसे राहतात. झरा आटला तर त्यांचे काय, हे सांगणारी कादंबरी सोडा, एक धड कथाही माझ्या वाचनात आलेली नाही.

आणि आता एक गोष्ट, जी काहींना झोंबेल. आपण ज्यांच्याशी भाषेसाठी भांडतो त्या कन्नड शेजाऱ्याकडे जरा पाहा. १९८३ साली शिरसीजवळच्या साळकणीत माणसांनी झाडांना मिठी मारली. ते 'अप्पिको' आंदोलन गावोगाव पोहोचवायला यक्षगान कामी आले. शिवराम कारंत हे ज्ञानपीठ मिळवलेले लेखक. वयाच्या ८७ व्या वर्षी, १९८९ मध्ये, कैगाच्या अणुप्रकल्पाला विरोध म्हणून ते लोकसभेला उभे राहिले. ते हरले, पण प्रश्न घरोघर गेला. हे कारंत मराठीत वाचायला मिळतात ते उमा कुलकर्णींमुळे, आणि त्या आपल्या बेळगावच्याच. दोन भाषा येणे हे आपले ओझे नसून आपली मिळकत आहे. वखारीतल्या बाईला हे कधीच कळले होते. शेजारी बसलेली कन्नड बोलते की मराठी, हे न पाहता ती संघटनेत आली. खकाणा दोघींच्या छातीत सारखाच जात होता.

मग अडते कोठे? मला वाटते, भीतीपाशी अडते. संमेलनाची स्मरणिका जाहिरातींवर निघते. जाहिराती देणारा कोण? जमिनीचे प्लॉट पाडणारा, वाळू उपसणारा, वखार चालवणारा. मांडवाचा खर्च उचलणारा पुढारी पहिल्या रांगेत बसलेला. सीमाप्रश्नावर कितीही गर्जना केली तरी या मंडळींपैकी कोणाचे काही बिघडत नाही. उलट तेच टाळ्या वाजवतात. नाल्यावरच्या अतिक्रमणाची कविता वाचली, तर पुढच्या वर्षी मांडव कोण घालणार? म्हणजे ज्या विषयावर बोलण्याची किंमत बंगलोर किंवा दिल्लीला मोजावी लागते त्यावर आपण शूर, आणि ज्याची किंमत गल्लीत मोजावी लागेल त्यावर मौन. याला बांधिलकी म्हणावे की व्यवहार, ते वाचकांनीच ठरवावे.

ठराव बंद करा असे मी म्हणत नाही. यंदाच्या हंगामात तीन गोष्टी करून पाहाव्यात, एवढेच मागणे आहे. एका संध्याकाळी कविसंमेलनाऐवजी मांडवात पडदा लावून 'तंबाकू चाकिला ऊब आली' दाखवावा, आणि वखारीत उमर घालवलेल्या म्हाताऱ्यांना पहिल्या रांगेत खुर्च्या द्याव्यात. परिसंवादाचा विषय 'कलावंत आणि समाज' असा गुळमुळीत न ठेवता त्या गावच्या नाल्याचे, रस्त्याचे, रानाचे नाव घालून ठेवावा. आणि ठराव वाचण्यापूर्वी व्यासपीठावरच्या प्रत्येक लेखकाला, चित्रकाराला, नटाला विचारावे की बाबा, गेल्या वर्षीच्या ठरावानंतर तू काय लिहिलेस, काय काढलेस, काय उभे केलेस? ज्याच्यापाशी उत्तर असेल त्याने हात वर करावा. बाकीच्यांनी तेवढ्यापुरता खालीच ठेवावा.