वाळवंटाचा वारसा, नदीकाठची तहान

थरच्या वाळवंटातून आलेली हजारो कुटुंबे आज पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात स्थिरावली आहेत. त्यांच्या सणांचे, पदार्थांचे आणि पोशाखाचे आपण स्वागत केले. मात्र त्यांच्या मातीतला सर्वांत मोलाचा वारसा, म्हणजे पाण्याचा हिशेब, नदीकाठच्या या शहराने कधी विचारलाच नाही.

चैत्राच्या पहिल्या तीन तिथी पिंपरी-चिंचवडसारख्या शहरात एक वेगळाच योग घडवून आणतात. फाळणीनंतर पिंपरीच्या छावणीत येऊन वसलेला सिंधी समाज चेटीचंडला झुलेलालचा उत्सव करतो आणि बहराणा वाहत्या पाण्यात सोडतो. पाठोपाठ शुद्ध तृतीयेला राजस्थानी स्त्रियांची गणगौर येते. होळीच्या दुसऱ्या दिवसापासून पुजलेल्या गवरीला त्या दिवशी तळ्यावर किंवा विहिरीवर नेऊन पाणी पाजायचे असते. त्याच तिथीला मराठी घरांत चैत्रगौर बसते आणि आंब्याची डाळ व पन्हे यांनी हळदीकुंकू सुरू होते. सिंधूच्या काठावरून, थरच्या वाळूतून आणि सह्याद्रीच्या पायथ्यापासून आलेले हे तिन्ही प्रवाह चैत्राच्या उन्हात पाण्यापाशी येऊन थांबतात. परंतु गवरीला पाणी पाजायला न्यायचे कोठे, हा प्रश्न या शहरात दरवर्षी नव्याने पडतो. विहिरी बुजल्या आणि पवना व इंद्रायणी या नद्यांवर तर वेळोवेळी फेस तरंगताना दिसतो.

वाळवंटाची संस्कृती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंटांची रांग, रंगीत फेटे, घूमर आणि दाल-बाटी उभी राहते. हे चित्र खोटे नाही. कालबेलियांच्या गाण्या-नाचाची २०१० मध्ये युनेस्कोने दखल घेतली, २०१३ मध्ये जैसलमेरसह राजस्थानातील सहा किल्ले जागतिक वारसा ठरले. लंगा आणि मांगणियार गायकांची परंपरा जगापुढे यावी म्हणून कोमल कोठारी यांनी आयुष्य वेचले. तथापि हे सारे ज्या पायावर उभे राहिले तो पाया पाण्याच्या काटेकोर व्यवस्थेचा होता. जैसलमेरला वर्षाकाठी पडणारा पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेरचा. तेवढ्या पावसावर ११५६ पासून एक नगर उभे राहते, व्यापार करते, हवेल्या बांधते, हा चमत्कार नव्हे. तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या शिस्तीचा परिणाम आहे.

या शिस्तीला तिची स्वतःची परिभाषा आहे. थरमध्ये पाण्याचे तीन प्रकार मानले जातात. पावसाचे थेट साठवता येणारे ते ‘पालर’, खोल विहिरीतले ते ‘पाताळ’ आणि या दोहोंच्या मधले, वाळूत ओलाव्याच्या रूपाने दडून राहिलेले ते ‘रेजाणी’. वाळूखाली जेथे जिप्समचा थर असतो, तेथे मुरलेला पाऊस खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. त्या थरापर्यंत माणूस जेमतेम मावेल एवढी अरुंद ‘कुंई’ खणायची आणि दिवसाला झिरपणारे दोन-तीन घडे गोड पाणी काढायचे, ही तेथली पद्धत. पालिवालांनी जैसलमेर भागात ‘खडीन’ रचले. उतारावरचे पाणी लांब मातीच्या बांधाने अडवायचे आणि ते जिरल्यावर त्याच ओलीवर रब्बीचे पीक घ्यायचे. घराघरांच्या अंगणात ‘टांका’ असे. तळ्याच्या पाणलोटाला ‘आगोर’ म्हणत. तेथे जोडे घालून जायचे नाही, घाण करायची नाही आणि पावसाळ्यापूर्वी गावाने मिळून ते झाडून घ्यायचे, असा दंडक होता. ही सारी विद्या ‘राजस्थान की रजत बूँदें’ या १९९५ च्या हिंदी पुस्तकात मांडणारे अनुपम मिश्र हे जन्माने वर्ध्याचे, हेही येथे नमूद केले पाहिजे.

‘टांका’ हा शब्द मराठी कानाला परका वाटू नये. सह्याद्रीतल्या प्रत्येक गडावर खडकात खोदलेले ‘टाके’ आहे. शिवनेरीची गंगा-जमुना टाकी प्रसिद्धच आहेत. पिंपरी-चिंचवडला पाणी पुरवणाऱ्या पवना धरणाच्या जलाशयावर ज्याची सावली पडते त्या लोहगडावर नाना फडणविसांनी तळे आणि पायऱ्यांची विहीर बांधवून घेतली. पायथ्याशी हजारो मिलिमीटर पाऊस कोसळत असताना गडावरच्या माणसांना थेंब साठवावा लागे, कारण डोंगरावरचे पाणी चार महिन्यांत वाहून जाते. म्हणजेच पाण्याचा दुष्काळ पावसावर जितका अवलंबून, तितकाच साठवणुकीवर. हे मर्म वाळवंटाने ओळखले, तसे आपल्या गडकऱ्यांनीही ओळखले होते. विसर पडला तो नंतर, नळ घरात आल्यावर.

आता या औद्योगिक पट्ट्याकडे पाहू. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, मोटार उद्योग आला, १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सव्वासतरा लाखांवर गेली. पुढे चाकणमध्ये वाहन उद्योगाचा विस्तार झाला. या वाढीने देशभरातून माणसे ओढून आणली. त्यांत नागौर, पाली, जोधपूर, बाडमेरकडचे सुतार, फरशी बसविणारे कारागीर, किराणा आणि हार्डवेअरचे दुकानदार मोठ्या संख्येने आहेत. आपल्या नव्या सदनिकेतले फर्निचर बहुधा त्यांच्याच हातचे असते. अशा एखाद्या घरातल्या वृद्ध आजीला विचारावे. कणीक मळलेल्या परातीचे पाणी गुरांना, अंघोळीचे पाणी झाडाला, हा क्रम ती आठवणीतून सांगेल. तिच्या नातवाला मात्र टँकरवाल्याचा दूरध्वनी क्रमांक पाठ असतो.

कारण नदीकाठच्या या शहरात नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. तात्पुरती म्हणून आलेली ही व्यवस्था वर्षांमागून वर्षे चालू राहिली. या काळात पवना कोरडी पडली नव्हती. अनेक पावसाळ्यांत धरण काठोकाठ भरले. पुढे आंद्रा धरणाचे पाणी आले, भामा आसखेडच्या पाण्याचीही आखणी झाली. तरीही मोशी, वाकड, ताथवडे आणि चाकणच्या भोवतालच्या गृहसंकुलांत टँकरच्या रांगा दिसतच राहिल्या. याचा अर्थ इतकाच, की प्रश्न केवळ आवक वाढविण्याचा नाही. गळती, अनधिकृत नळजोड, पाण्याचा विचार न करता दिलेल्या बांधकाम परवानग्या आणि साठवणुकीविषयीची बेफिकिरी ही त्याची मुळे आहेत.

आवक वाढवायची तर ती कोणाच्या तरी पदरातूनच येते. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना बंद जलवाहिनीला विरोध करणाऱ्या मावळातील शेतकऱ्यांच्या आंदोलनावर द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला, त्यात तिघांचा बळी गेला आणि तो प्रकल्प एका तपाहून अधिक काळ लोंबकळला. पवना धरणासाठी जमिनी दिलेल्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्नही अनेक दशके रेंगाळला. शहरातला नळ आणि मावळातले शेत यांच्यात असे थेट नाते आहे. आपल्या छपरावर पडणारे पाणी गटारात सोडून देणाऱ्या शहराला दुसऱ्याच्या धरणातले पाणी मागण्याचा नैतिक अधिकार किती, हा प्रश्न म्हणूनच विचारावा लागतो.

साधे गणित मांडून पाहावे. शंभर चौरस मीटर छपरावर दोनशे मिलिमीटर पाऊस पडला तर वीस हजार लिटर पाणी मिळते. थरमधल्या सहा माणसांच्या कुटुंबाने पिण्या-स्वयंपाकासाठी माणशी दहा लिटरचा दंडक पाळला तर ते अकरा महिने पुरते. शहरी निकष माणशी १३५ लिटरचा. त्या हिशेबाने तेच पाणी पंचवीस दिवसांत संपते. म्हणजे टाक्याने शहराची सगळी तहान भागेल, असा दावा कोणी करू नये. परंतु चाकणमधल्या दहा हजार चौरस मीटरच्या एखाद्या कारखान्याच्या पत्र्यावर साडेसहाशे मिलिमीटर पाऊस धरला, त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी बावन्न लाख लिटर पाणी हाती लागते. असे पत्रे या पट्ट्यात किती आहेत, ते तळेगाव-चाकण रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही दिसेल. बांधकाम नियमांनी मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजल संकलन सक्तीचे केले आहे. पण पूर्णत्वाच्या दाखल्यापुरता बसविलेला पाइप पुढच्या पावसाळ्यात चालतो की नाही, हे पाहणारी यंत्रणा नसेल तर त्या सक्तीला अर्थ उरत नाही.

आगोराच्या दंडकाशी आपल्या नदीकाठाची तुलना केली तर चित्र अधिकच अस्वस्थ करणारे आहे. मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत बांधलेले ३६ बंगले न्यायालयीन आदेशानुसार पाडण्यात आले. ज्यांनी आयुष्याची पुंजी घातली त्यांचे दुःख खरे आहे. पण नदीच्या हक्काच्या जागेत भूखंड विकले जात होते, घरे उठत होती, तेव्हा कोणाला ते दिसले नाही काय? वाळवंटातल्या अक्षरशत्रू गावाने जी सीमा ओळखली आणि पाळली, ती नकाशे, उपग्रह आणि नगररचना विभाग हाताशी असलेल्या शहराला पाळता आली नाही.

अर्थात वाळवंटाचे गोडवे गाताना भाबडेपणा नको. त्या व्यवस्थेत घडा डोक्यावर घेऊन मैलोन्‌मैल चालत होत्या त्या स्त्रियाच आणि कोणत्या पाणवठ्यावर कोणी जायचे हे जात ठरवीत होती. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, त्या महाराष्ट्राने तरी हे विसरू नये. घरात आलेल्या नळाने बाईची पायपीट वाचवली आणि पाणवठ्याची उतरंड काही अंशी मोडली, हे त्याचे मोठे उपकार आहेत. म्हणून मागे जाण्याचा प्रश्नच नाही. घ्यायचे आहे ते मोजमाप, उतरंड नव्हे.

शिवाय हा वारसा त्याच्या घरीही सुखरूप नाही. इंदिरा गांधी कालव्याने थरमध्ये पाणी आणले, पिके आणली; त्याबरोबर काही भागांत जमिनी पाणथळ आणि क्षारपड झाल्या, जुन्या तळ्यांकडे दुर्लक्ष झाले. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यातले कवास गाव पुरात बुडाले आणि जिप्समच्या थरामुळे पाणी महिनोन्‌महिने जिरले नाही. जो थर कुंईला गोड पाणी देत होता तोच, पाण्याच्या वाटा विसरल्यावर, संकट ठरला. जैसलमेरच्या किल्ल्याची कथा याहून बोलकी आहे. काही बादल्यांच्या वापरासाठी रचलेल्या त्या वसाहतीत नळ आणि हॉटेले आली, सांडपाणी पायात मुरू लागले आणि बुरूज ढासळले. आठ शतके पाण्याच्या तुटवड्याला पुरून उरलेला किल्ला पाण्याच्या सुकाळाने खचला. गावांनी देवाच्या नावाने राखलेली ‘ओरण’ राने सौर आणि पवन प्रकल्पांच्या रेट्यात सापडली; त्यांची नोंद करून त्यांना वनाचे संरक्षण द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०२४ मध्ये राजस्थान सरकारला सांगावे लागले.

या साऱ्याचा आपल्यासाठी अर्थ काय? वारसा म्हणजे महोत्सवात मांडायची वस्तू नव्हे, तो वागण्याचा नियम असतो. दसऱ्याला आपण ज्या शमीची पूजा करतो, तीच राजस्थानची खेजडी. तिच्या रक्षणासाठी १७३० मध्ये खेजडलीत ३६३ बिष्णोईंनी प्राण दिले. आपण वर्षातून एकदा पूजेपुरती तिची आठवण काढतो. पाण्याच्या बाबतीत तरी एवढ्यावर थांबू नये. महापालिकेने प्रत्येक प्रभागातल्या पर्जन्यजल यंत्रणेची दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तपासणी करून ती माहिती जाहीर करावी. शुद्ध केलेले सांडपाणी उद्योगांना आणि बांधकामांना देण्याचे धोरण प्रत्यक्षात उतरावे, म्हणजे पिण्याचे पाणी वाचेल. चाकणच्या उद्योगांनी आपल्या पत्र्यांवरचे पाणी हा कच्च्या मालाइतकाच हिशेबाचा विषय मानावा. आणि गृहसंकुलांनी नव्या बोअरचा ठराव करण्याआधी आपल्या गच्चीचे क्षेत्रफळ मोजावे.

येत्या चैत्र तृतीयेला गवर आणि गौर पुन्हा एकाच शहरात बसतील. एकीला पाण्याकाठी नेण्याची रीत आहे, दुसरीच्या हळदीकुंकवाला पन्हे लागते. त्या दिवशी निगडीच्या किंवा पिंपरीच्या एखाद्या घरात नळाला पाणी येण्याचा वार आहे की नाही, हे आधी पाहावे लागणार असेल, तर वाळवंट नक्की कोठे आहे याचा विचार आपण नदीकाठच्या लोकांनीच करायला हवा.