पैसा आपला, पण पिन दुसऱ्याच्या तोंडपाठ!

सोयाबीनचा काटा झाला, पट्टी मिळाली, चुकारा खात्यात जमा झाला. पण तो खरेच जमा झाला की नाही, हे पाहण्यासाठी आपल्या जिल्ह्यातल्या किती शेतकऱ्यांना दुसऱ्याचे तोंड पाहावे लागते? 'पोरा, पाय बरं, माह्या खात्यात पैसे आले काय?' हे वाक्य घाटावर ऐका की घाटाखाली, चिखली-मेहकरला ऐका की संग्रामपूर-जळगाव जामोदला, सारखेच ऐकू येते. पोरगा फोन हातात घेतो, पिन विचारतो, आणि बाप चारचौघांत पिन सांगून मोकळा होतो. तिजोरीची किल्ली वेशीवर टांगावी, तसा हा प्रकार आहे.

यावर शहाणे लोक लगेच म्हणतात, 'खेड्यातली माणसं अडाणी, त्यांना शिकवा.' वाचकहो, या म्हणण्याला आमचा सरळ विरोध आहे. ज्या माणसाला बियाण्याच्या पिशवीपासून वेचणीच्या मजुरीपर्यंतचा हिशेब तोंडी येतो, ज्याला दीड आणि अडीच, पाव आणि पाऊण यांत कधी गफलत होत नाही, तो पैशाच्या व्यवहारात अडाणी कसा? अडाणी असेल तर ते ॲप. चुलीला धूर होत असेल तर सुनेला बोल लावून भागत नाही, चूल नीट मांडावी लागते.

आता हे ॲप करणारे लोक करतात काय, तेही समजून घ्या. चांगली कंपनी आपले ॲप बाजारात आणण्याआधी साध्या माणसांच्या हातात देते. एक काम सांगते, जसे 'शिल्लक बघा' किंवा 'पाचशे रुपये पाठवा', आणि शेजारी गप्प बसून पाहते. बोट कुठे अडले, माणूस कुठे गोंधळला, कोणता शब्द कळला नाही, हे टिपून घेते. मग पडदा बदलते आणि पुन्हा माणसे बसवते. या विषयातले जाणकार जेकब नील्सन यांनी सांगून ठेवले आहे की, पाच माणसे बसवली तरी बहुतेक मोठ्या अडचणी उघड्या पडतात. यात फार खर्च नाही. प्रश्न एवढाच की, ती पाच माणसे कोणती? पुण्या-बंगळुरूच्या कचेरीतली पाच पोरे बसवली, तर मोताळ्याच्या शेतकऱ्याची अडचण कशी सापडणार? ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

आपल्या देशात हे काम कोणी केलेच नाही असे नाही. बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रात इंद्राणी मेढी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी शिकलेल्या लोकांबरोबर बसून मोबाइलवरच्या बँक व्यवहाराचा अभ्यास केला. त्यात दिसले ते असे : निव्वळ अक्षरांचा पडदा कमी शिकलेल्या नवख्या माणसाला वापरताच येत नाही, आणि शिकलेला असला तरी नवखा माणूस त्यावर चुका करतो. चित्र आणि आवाज जोडीला दिला की काम पार पडते. मुंबईच्या आयआयटीत प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या चमूने 'स्वरचक्र' नावाचा कळफलक केला. त्यात 'क' दाबला की का, कि, की, कु भोवती उमटतात. म्हणजे आपण शाळेत जी बाराखडी घोकली, तीच त्यांनी पडद्यावर मांडली. माणसाला यंत्राप्रमाणे वाकवायचे नाही, यंत्राला माणसाप्रमाणे वळवायचे, हे त्यातले मर्म.

मांडणी बदलली की किती फरक पडतो, याचे उदाहरण यूपीआयमध्येच आहे. २०१६ साली ही सोय आली. त्यात पैसे पाठवण्यासारखीच समोरच्याकडून पैसे मागण्याचीही सोय होती. भामटा फोन करायचा, 'तुमच्या मालाचे पैसे पाठवतो, फक्त पिन टाका.' पडद्यावर मागणी आलेली असायची, माणूस भरवशाने पिन टाकायचा आणि पैसे यायच्या ऐवजी जायचे. 'पैसे घ्यायला पिन लागत नाही,' असे बँकांनी कितीदा तरी सांगितले, तरी लोक फसतच राहिले. शेवटी यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने माणसामाणसांतली ही मागणीची सोयच १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. त्याच वर्षी जूनअखेरपासून पैसे पाठवताना समोरच्याचे बँकेच्या नोंदीतले खरे नाव दाखवणेही सक्तीचे झाले. नुसत्या उपदेशाने जे साधले नाही, त्यासाठी शेवटी पडदाच बदलावा लागला.

सरकारी ॲपचेही तसेच. मातीत राबून बोटांच्या रेषा झिजल्या, म्हणून ठसा उमटत नाही, आणि ठसा उमटत नाही म्हणून ई-केवायसी अडते. हे दुखणे पीएम-किसानच्या कितीतरी शेतकऱ्यांनी सोसले. जून २०२३ मध्ये त्या ॲपमध्ये चेहरा दाखवून ओळख पटवण्याची सोय आली. आपल्या राज्यात २०२१ साली आलेल्या ई-पीक पाहणीवर शेतकऱ्यांनी बोंब ठोकली, तेव्हा २०२२ च्या नव्या आवृत्तीत चुकलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करण्याची मुभा मिळाली. तात्पर्य हे की, बोंब ठोकली तर ऐकू जाते. गप्प बसणाऱ्याची अडचण कोणाच्या वहीत चढत नाही.

मग आपण मागायचे काय? आमच्या मते चार गोष्टी.

पहिली, भाषा. पडद्यावरचे मराठी हे बोजड भाषांतर असते. 'व्यवहार प्रलंबित आहे' म्हणजे पैसे गेले की राहिले? त्यापेक्षा 'पैसे अडकले आहेत, अमुक तारखेपर्यंत परत येतील' असे लिहावे. जमा, नावे, शिल्लक हे पासबुकाचे शब्द आपल्या तीन पिढ्यांना ठाऊक आहेत, तेच वापरावेत.

दुसरी, रक्कम. एक शून्य जास्त पडले की पाचशेचे पाच हजार होतात. म्हणून पैसे जाण्याआधी रक्कम मराठी अक्षरांत दिसावी आणि मोठ्याने ऐकूही यावी : 'अडीच हजार रुपये जात आहेत.'

तिसरी, हिशेबाचे वर्ष. खर्चाचा हिशेब ठेवणारी बहुतेक ॲपे पगारदाराला धरून केलेली. दर महिन्याला पगार, दर महिन्याला बजेट. आपल्याकडे मृगात पैसा जातो, दसरा-दिवाळीला सोयाबीनचा येतो, पुढे कापसाचा, मग हरभऱ्याचा. जूनमध्ये 'तुमचा खर्च मर्यादेबाहेर गेला' अशी ताकीद देणाऱ्या ॲपचा शेतकऱ्याला उपयोग काय? हिशेब हंगामाचा हवा. बियाणे, खत, निंदण, डवरणी, वेचणी असे रकाने हवेत, कृषी केंद्राची उधारी लिहायला जागा हवी, आणि सोसायटीच्या कर्जाची मुदत महिनाभर आधी आठवण करून देणारी घंटा हवी. पीककर्ज मुदतीत फेडले तर व्याजाची सवलत मिळते, तारीख चुकली की ती गेली. एवढी एक घंटा शेतकऱ्याचे खरे पैसे वाचवील.

चौथी, साधा फोन आणि कमी रेंज. सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्त्यांत रेंज येते-जाते. साध्या फोनवरून, इंटरनेटविना पैसे पाठवण्याची 'यूपीआय १२३ पे' ही सोय मार्च २०२२ मध्ये सुरू झाली. आपल्या गावात ती किती जणांना माहीत आहे?

गावच्या कारभाऱ्यांनाही एक विनंती. ग्रामपंचायत अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी, सोसायटीचे गटसचिव, बँकेचे शाखाधिकारी यांनी वर्षातून एकदा ग्रामसभेच्या दिवशी पाच माणसे बसवावीत : एक म्हातारा शेतकरी, एक बचत गटाची बाई, एक शेतमजूर, एक चष्म्याशिवाय न दिसणारा, एक पहिल्यांदाच फोन घेतलेला. त्यांना शिकवायचे नाही. काम सांगायचे आणि गप्प पाहायचे. कोणाच्या शिलकीचा आकडा किंवा पिन पाहायचा नाही. जिथे अडले ते कागदावर उतरवायचे आणि तो कागद बँकेच्या जिल्हा कार्यालयाला पाठवायचा. ठराव घालून पाठवला तर आणखी बरे. सहकारात आपला जिल्हा मागे नाही. १९८६ साली बुलडाणा अर्बनसारखी पतसंस्था याच मातीत उभी राहिली. पैशाच्या कामात इथला माणूस नुसता गिऱ्हाईक नाही, त्याला मत आहे, ते त्याने मांडावे.

आणि शेतकरी बंधू-भगिनींनो, तोवर आपले घर आपणच सांभाळायचे. पिन पोरालाही सांगू नका, आकडे स्वतः दाबा. आपल्या खात्यातून पैसे गेले आणि समोरच्याच्या खात्यात पोचले नाहीत, तर घाबरू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे यूपीआयने माणसाला पाठवलेले असे पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराला दिलेले पाच दिवसांपर्यंत परत यायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळायला हवी. फसवणूक झाली तर लाजू नका, लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवा. जितका उशीर, तितका पैसा दूर जातो.

ॲप वापरता आले नाही म्हणून मान खाली घालण्याचे कारण नाही. 'मले समजत नाही' असे म्हणण्याऐवजी 'हे समजेल असं मांडा' असे म्हणायला शिका. मोट ओढणाऱ्याच्या खांद्याला जू लागत असेल, तर जू तासून घ्यायचे असते, खांदा नव्हे.