आईजवळ चार तास कोण बसेल?

नवऱ्याला जेवून तास झालेला नाही आणि तो चौथ्यांदा विचारतो, 'जेवण कधी?' आवाज न चढवता त्याला उत्तर देता येईल, याची तुम्हाला किती खात्री वाटते? शून्य ते शंभर यांमधला आकडा सांगा.

डिमेन्शिया झालेल्या माणसाला घरी सांभाळणाऱ्यांसाठी एक प्रश्नावली आहे, तिच्यात या धर्तीचे प्रश्न असतात. ॲन स्टेफन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये तिची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्यामागची कल्पना अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाची. हातातलं एखादं विशिष्ट काम आपल्याला जमेल की नाही, याबद्दल माणसाचा स्वतःवर जो विश्वास असतो, त्यावर तो ते काम हाती घेतो का, किती नेटानं करतो आणि फसल्यावर पुन्हा उठतो का, हे बरंचसं ठरतं, असं बांडुरांनी १९७७ मध्ये मांडलं. यात 'विशिष्ट' हा शब्द महत्त्वाचा आहे. हा विश्वास म्हणजे स्वभावातला धीटपणा नव्हे. गाडी सफाईनं चालवणारा माणूस पोहायचं म्हटलं की गारठतो, तसंच हे.

म्हणूनच ही प्रश्नावली 'तुम्ही चांगली देखभाल करता का?' असं विचारत नाही. ती तीन वेगवेगळ्या गोष्टी मोजते. स्वतःला थोडी उसंत मिळावी म्हणून दुसऱ्याकडे मदत मागता येते का, ही पहिली. रुग्णाचं त्रासदायक वागणं शांतपणे हाताळता येतं का, ही दुसरी. आणि या आजारपणामुळे आपलं काय काय हुकलं, पुढे काय वाढून ठेवलंय, या विचारांना आवर घालता येतो का, ही तिसरी. एकाच बाईचा दुसऱ्या भागातला आकडा नव्वद आणि पहिल्यातला वीस असू शकतो. आपल्याकडे बहुतेक घरांत हेच चित्र दिसेल, असं मला वाटतं.

आपल्याकडचा आवाका आधी पाहू. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना डिमेन्शिया आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचं प्रमाण जास्त आढळलं. यातल्या कित्येकांच्या आजाराला घरात नावच नसतं. 'म्हातारचळ लागलाय' एवढ्यावर विषय मिटतो. नाव नसलेल्या आजाराची देखभाल करणाऱ्याला आपण काही अवघड काम करतो आहोत, हेही कळत नाही. सासूबाई मुद्दाम छळतात, वडील हट्टीपणा करतात, असंच वाटत राहतं.

दुसरा भाग, म्हणजे वागणं हाताळणं, हा शिकता येण्याजोगा आहे. तिन्हीसांजा झाल्या की आई पिशवी भरून दाराशी उभी राहते आणि 'मला घरी सोड' म्हणते. 'अगं, हेच तुझं घर' असं दहा वेळा समजावलं की ती अधिक चिडते. त्याऐवजी 'घरी कोण कोण आहे?' असं विचारून तिला बोलतं करावं, हातात चहाचा कप द्यावा, संध्याकाळ व्हायच्या आत घरातले दिवे लावावेत. निम्म्या वेळा एवढ्यानं भागतं, निम्म्या वेळा नाही. पण चूक-बरोबरचा वाद घालायचा नाही, ही गोष्ट कुणीतरी समजावून सांगावी लागते. ती उपजत येत नाही, आणि प्रेम जास्त असलं तरी येत नाही. उलट पोटच्या लेकीला आईशी वाद न घालणं अधिक जड जातं.

हे शिकवण्यासाठी मोठं रुग्णालय लागत नाही, याचा पुरावा आपल्या शेजारीच, गोव्यात आहे. डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी तिथे ८१ कुटुंबांबरोबर एक चाचणी केली आणि २००८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. निम्म्या कुटुंबांकडे सहा महिने, साधारण पंधरवड्यातून एकदा, प्रशिक्षण दिलेली गृहसल्लागार व्यक्ती जात असे. ती डॉक्टर किंवा नर्स नव्हती, स्थानिक आणि बारावीपर्यंत शिकलेली असली तरी पुरे होतं. आजार काय आहे ते सांगणं, वागण्यातल्या अडचणींवर उपाय सुचवणं, गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञाशी गाठ घालून देणं, सरकारी योजनांची माहिती देणं, असं तिचं काम. सहा महिन्यांनी देखभाल करणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलेलं दिसलं आणि रुग्णाच्या वागण्यामुळे होणारा मनस्ताप कमी झाला होता. रुग्णाचं वागणं मात्र म्हणावं इतकं बदललं नव्हतं. म्हणजे आजार होता तिथेच राहिला, फक्त त्याला तोंड देणाऱ्याचं बळ वाढलं.

लंडनमध्ये २६० जणांवर झालेल्या अभ्यासातही आठ बैठकांचा असाच कार्यक्रम मानसशास्त्राच्या पदवीधरांनी घेतला. नैराश्याची लक्षणं कमी झाली आणि हा फायदा सहा वर्षांनंतरही टिकून होता.

इथे एक सावधगिरी हवी. ज्यांचा स्वतःवरचा विश्वास जास्त, त्यांच्यात नैराश्य कमी, असं अनेक अभ्यासांत दिसतं. पण नैराश्यानं ग्रासलेल्या माणसाचा विश्वास मुळातच खचलेला असतो, त्यामुळे कशामुळे काय झालं हे नेहमी सांगता येत नाही. शिवाय 'तुम्ही खंबीर राहा' हा सल्ला देखभाल करणारीच्या डोक्यावर आणखी एक ओझं होऊन बसतो. रात्री तीन वेळा उठणाऱ्या बाईला खंबीरपणापेक्षा झोपेची गरज असते.

यातूनच आपण पहिल्या भागाशी येतो आणि खरी गोची तिथे आहे. आईजवळ चार तास कोण बसेल? जगभरात डिमेन्शियाच्या रुग्णांना मिळणाऱ्या देखभालीच्या एकूण तासांपैकी ७० टक्के तास स्त्रिया देतात, असं जागतिक आरोग्य संघटनेची आकडेवारी सांगते. आपल्याकडे ती सून असते, अविवाहित लेक असते, नाहीतर सत्तरीतली बायको असते. मदत मागणं म्हणजे कर्तव्यात कमी पडणं, ही समजूत घट्ट आहे. दीर-जाऊ येतात, दोन तास बसतात, तेवढ्या वेळात आई अगदी नीट बोलते आणि 'आम्हाला तर काही जाणवलं नाही' म्हणत ते परततात. ब्यूरोची मावशी ठेवावी तर तिचा पगार झेपायला हवा, शिवाय ती महिन्याभरात बदलते. दिवसा रुग्णाला सांभाळणारी केंद्रं मोठ्या शहरांतही मोजकीच आहेत.

केरळनं २०१४ मध्ये डिमेन्शियासाठी राज्याचा स्वतंत्र उपक्रम सुरू केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या कृती आराखड्यात २०२५ पर्यंत ७५ टक्के देशांनी देखभाल करणाऱ्यांना आधार आणि प्रशिक्षण द्यावं, असं उद्दिष्ट होतं. त्या आराखड्याची मुदत आता २०३१ पर्यंत वाढवली आहे. आपल्याकडे सत्तरी पार केलेल्यांना २०२४ पासून आयुष्मान भारतचं पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळालं, हे चांगलंच झालं. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचं. डिमेन्शियाचा रुग्ण वर्षानुवर्षं असतो घरातच. बातम्या होतात त्या लेकॅनिमॅबसारख्या महागड्या औषधांच्या. अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांमध्ये दीड वर्षात त्यानं घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. औषधांचं संशोधन हवंच, मात्र आज मधल्या किंवा शेवटच्या टप्प्यात असलेल्या रुग्णाच्या घराला त्याचा उपयोग नाही. गोव्यातल्यासारखी गृहसल्लागार मात्र याच घरांच्या उपयोगाची आहे. आशा कार्यकर्त्यांवर आधीच कामाचा ढीग आहे, त्यामुळे हे काम त्यांच्याच माथी मारू नये. त्यासाठी वेगळी, मानधन मिळणारी माणसं नेमावी लागतील.

तोवर कुटुंबांना काही करता येईल ते असं. मन फारच खचलं असेल तर टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी १४५६७ आहे. आणि पुण्या-मुंबईत किंवा परदेशात राहणाऱ्या भावंडांनी 'काही लागलं तर सांग' हे वाक्य बाजूला ठेवावं, कारण त्यावर सहसा कुणी काही सांगत नाही. जवळ राहणाऱ्यानं 'शनिवारी चार ते आठ मी आईजवळ बसतो, तू बाहेर जा' असं म्हणावं. लांब राहणाऱ्यानं त्या चार तासांच्या मावशीचे पैसे दर महिन्याला न मागता पाठवावेत.